यंत्राच्या लेखी तुमचा चेहरा

कार्यालयातल्या हजेरीच्या यंत्रासमोर क्षणभर थांबायचे, हिरवा दिवा लागला की आत जायचे. पुणे-मुंबईच्या विमानतळांवर डिजियात्राच्या रांगेतही हेच चालते. हे आता अंगवळणी पडले आहे, पण त्या क्षणभरात आत काय घडते याबद्दल भलत्याच कल्पना रूढ आहेत.

सर्वांत रूढ गैरसमज असा, की यंत्र आपला साठवलेला फोटो काढते आणि समोरच्या चेहऱ्यावर ठेवून जुळवते. तसे केले तर यंत्र रोज फसेल. कॅमेऱ्यातून येतात ते फक्त आकडे. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा या रंगांची तीव्रता ० ते २५५ मध्ये मोजलेली असते. २२४ बाय २२४ ठिपक्यांच्या चिमुकल्या चित्रातच १,५०,५२८ आकडे होतात, आणि मान जराशी वळली किंवा खिडकीतून ऊन आले की त्यांतले बहुतेक सगळे बदलतात. म्हणून यंत्र या ढिगाचा गोषवारा काढते. गुगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या ‘फेसनेट’ पद्धतीत एका चेहऱ्याचा गोषवारा अवघ्या १२८ आकड्यांत मावतो. एकाच व्यक्तीच्या दोन फोटोंचे गोषवारे एकमेकांच्या जवळ यावेत आणि परक्यांचे दूर जावेत, असे शिक्षण यंत्राला दिलेले असते. हजेरीच्या वेळी मोजले जाते ते हे अंतर. ते ठरवलेल्या मर्यादेच्या आत असले, की हिरवा दिवा लागतो.

मग हे १२८ आकडे म्हणजे नाकाची लांबी, डोळ्यांमधले अंतर वगैरे? नाही. सुटा एकेक आकडा कशाचा, हे यंत्र बनवणाऱ्यालाही सहसा सांगता येत नाही, कारण मोजायचे काय ते कुणी लिहून दिलेले नसते. पहिल्या पायरीवर काय होते ते मात्र समजण्यासारखे आहे. तीन बाय तीन ठिपक्यांची एक चौकट चित्रावरून सरकवा आणि दर वेळी उजव्या तीन आकड्यांच्या बेरजेतून डाव्या तिघांची बेरीज वजा करा. सपाट भिंतीवर उत्तर शून्याच्या आसपास राहते. दाराची काळी कड संपून पांढरी भिंत सुरू होते तिथे ते एकदम मोठे येते, म्हणजे कड सापडली. अशा सरकत्या चौकटीला चाळणी म्हणू. २०१२ मध्ये गाजलेल्या, चित्रांतल्या वस्तू ओळखणाऱ्या ‘अलेक्सनेट’ या प्रणालीच्या पहिल्या थरात, म्हणजे पहिल्या पायरीवर, अशा ९६ चाळण्या होत्या, आणि त्या लाखो चित्रांवरून त्याने स्वतःच घडवल्या होत्या. पुढचे थर कडांवरून पोत, पोतांवरून भाग असे चढत जातात.

यंत्र आपल्यासारखेच आकारावरून वस्तू ओळखते, हाही गैरसमजच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजराच्या आकृतीवर हत्तीच्या कातडीचा पोत चढवला होता. माणसांना मांजर दिसले, यंत्राने उत्तर दिले हत्ती. यंत्राच्या ‘९९ टक्के खात्री’वरही विसंबू नये. पांडाच्या चित्रातले आकडे डोळ्यांना कळणारही नाहीत इतके हलवल्यावर एका यंत्राने ९९.३ टक्के खात्रीने त्याला गिबन वानर ठरवले होते.

आकड्यांना रंग-जात नसते, म्हणून यंत्र निःपक्षपाती असते, हे म्हणणे मला सर्वांत घातक वाटते. यंत्राने जे चेहरे भरपूर पाहिले, त्यांच्यातले बारकावेच त्याच्या गोषवाऱ्यात उतरतात. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत.

आणि ‘आम्ही फोटो ठेवत नाही, फक्त आकडे ठेवतो’ असे कुणी सांगितले, तर निर्धास्त होऊ नका. अशा आकड्यांवरून मूळ चेहऱ्याशी बरेच साम्य असलेला चेहरा पुन्हा रचता येतो, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. सोसायटीच्या फाटकावर किंवा नोकरीच्या ठिकाणी चेहरा मागितला, तर हे आकडे कुठे राहतात, कोण पाहू शकते आणि तुम्ही सोडून गेल्यावर ते कधी पुसले जातात, एवढे लेखी विचारून घ्या.