मनात सगळेच बोलतात का?

हे वाक्य वाचताना तुमच्या डोक्यात कुणी ते वाचून दाखवतंय का? जरा थांबून बघा. आवाज तुमचा स्वतःचा आहे? की आवाज वगैरे काही नाही, नुसता अर्थ समजतोय?

आता हाच प्रश्न घरात विचारा. उत्तरं सारखी येतील असं धरून चालू नका. कुणी म्हणेल, "आवाज? अहो, दिवसभर माझी माझ्याशी बडबड चालू असते." दुसरं कुणी चकित होऊन विचारेल, "खरंच ऐकू येतं? मला वाटायचं, ती नुसती बोलायची पद्धत आहे!" आपली भाषाही फसवीच. 'मनाशी म्हटलं', 'मनातल्या मनात शिव्या घातल्या' असं आपण इतकं सहज बोलतो, की प्रत्येकाच्या मनात शब्दच असणार हे गृहीतच धरलं जातं.

अमेरिकेत लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रसेल हर्लबर्ट १९७०च्या दशकापासून हेच तपासत आहेत. त्यांची पद्धत अगदी साधी. माणसाच्या खिशात एक छोटं यंत्र द्यायचं. ते दिवसभरात कधीही अचानक वाजतं. वाजण्याच्या अगदी आधीच्या क्षणी मनात काय होतं, तेवढंच लिहून ठेवायचं. नंतर त्यावर सविस्तर बोलायचं. 'मी सतत मनात बोलतो' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांच्याही नोंदींत कितीदा तरी शब्द सापडेनात! त्याऐवजी कधी चित्र होतं, कधी एखादी भावना, कधी चहाच्या कपाच्या उबेकडे लागलेलं लक्ष. आणि कधी शब्दही नाहीत, चित्रही नाही, तरी विचार मात्र अगदी स्पष्ट! २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात ३० विद्यार्थी होते. त्यातल्या काहींच्या नोंदींत मनातलं बोलणं एकदाही आलं नाही, तर काहींच्या निम्म्याहून जास्त नोंदींत तेच होतं.

चित्रांचंही तसंच. इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८०च्या सुमारास लोकांना सकाळच्या नाश्त्याचं टेबल मनात आणायला सांगितलं होतं. काहींना ताटल्यांचे रंगसुद्धा दिसले. पण 'मनात चित्र दिसणं' ही निव्वळ अलंकारिक भाषा आहे, असं काही शास्त्रज्ञांचं ठाम मत होतं. त्यांना दिसतच नव्हतं ना! अशा स्थितीला 'अफँटेशिया' हे नाव मिळायला २०१५ साल उजाडलं.

तुमच्या घरात लहान मूल असेल, तर यातला एक भाग थेट तुमच्या कामाचा आहे. चार-पाच वर्षांचं मूल खेळताना, चित्र काढताना स्वतःशी बोलत असतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांचं म्हणणं असं, की हे बोलणं पुढे बंद पडत नाही, ते आत जातं आणि त्याचाच मनातला आवाज होतो. त्यांनी मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी आणल्या. चित्र काढायला बसलेल्या मुलाला पेन्सिलच सापडत नाही, अशा. तेव्हा मुलांचं स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. म्हणजे गणित अडलं की पुटपुटणारी मुलगी अभ्यास टाळत नसते. त्या पुटपुटण्यातूनच ती वाट शोधत असते. आणि नेमकं तेव्हाच आपण ओरडतो, "आवाज नको, मनात कर!"

काहींना हे 'मनात कर' मोठेपणीही जड जातं. योहाने नेडरगार्ड आणि गॅरी लुप्यान या संशोधकांनी २०२४ साली मनात फारसं न बोलणाऱ्या प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शब्दांची यादी लक्षात ठेवणं, किंवा दोन चित्रांतल्या वस्तूंची नावं यमकात जुळतात का ते ओळखणं (आपल्याकडची 'माळ' आणि 'टाळ' समजा), यात ते थोडे मागे पडले. पण ज्यांनी मोठ्यानं बोलत काम केलं, त्यांच्यात हा फरक उरला नाही. आपल्याकडे पाढे मोठ्यानं म्हणून घेत, ते मला तरी उगाच वाटत नाही. बंगळुरूला किंवा इंदूरला आयुष्य काढलेली मराठी माणसं दिवसभर दुसऱ्याच भाषेत बोलतात, पण हिशेब करताना ओठांवर 'बे दुणे चार' येतंच की.

"कसला विचार चाललाय?" "कसलाच नाही." या उत्तरावरून किती घरांत रुसवेफुगवे होतात! पण समोरच्याच्या मनात त्या क्षणी खरोखरच एकही शब्द नसेल, तर त्यानं दुसरं काय सांगावं?

घरी करून बघायचं असेल, तर मोबाइलवर दिवसभरात चार-पाच आडनिडे गजर लावा. वाजला, की आधीच्या क्षणी मनात काय होतं ते दोन ओळींत लिहा. रात्री जेवताना एकमेकांच्या नोंदी वाचा. पहिल्या दिवशीच्या नोंदींवर मात्र फार विसंबू नका. त्या क्षणी नेमकं काय चाललं होतं हे पकडायला सराव लागतो, म्हणून हर्लबर्टही पहिला दिवस मोजत नाहीत.