तळघरातला बटाटा आणि माणसाचे मन

मुलगा नोकरीसाठी घाटकोपरला किंवा मुलुंडला जातो. एका खोलीत पाच-सहा जण, लोकलची गर्दी, रात्रपाळी. दिवाळीला घरी येतो तो गप्प गप्प. आपण लगेच उपदेश करतो, "अरे, धीर धर!" तो आणखीच मिटतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) शेतावर वाढलेले. कॉलेजातही त्यांनी आधी शेतीच शिकायला घेतली. लहानपणी तळघरातल्या बटाट्यांना फुटलेले फिकट कोंब त्यांनी पाहिले. अंधारातही ते छोट्या खिडकीच्या उजेडाकडे झेपावत होते. माणसालाही वाढीची अशीच ओढ असते, असे रॉजर्स सांगत.

कोंब ओढून रोप वाढत नाही. त्याला पाणी, हवा, उजेड लागतो. मनालाही तीन गोष्टी लागतात : ऐकणाऱ्याचा सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून समजून घेणे. असे कोणी ऐकले, की लपवाछपवीची गरज उरत नाही. माणूस स्वतःच आपला गुंता पाहतो आणि वाट शोधतो. समुपदेशक ती वाट लादत नाही.

मुलुंडशेजारी ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली. सरकारची १४४१६ ही मोफत 'टेली-मानस' फोनसेवा २०२२ पासून आहे. झोप उडाली, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा.

एरवी यंदा मुलगा आला की उपदेश बाजूला ठेवा. ओसरीवर त्याच्याजवळ बसा आणि नुसते ऐका.