नजर आणि नेम : लेखांक ६
चाळिशीनंतरचा लाल ठिपका

गेल्या आठवड्यात आपण पिस्तुलाच्या उघड्या साइट्स पाहिल्या. मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं लक्ष्य एका रेषेत आणायचं आणि नजर माशीवरच ठेवायची, हा त्यांचा नियम. चाळिशी लागली की नेमकी ती माशीच आधी धूसर होते. हात सरळ केल्यावर ती डोळ्यापासून साधारण ६५ सेंटीमीटरवर असते. तिथं नजर ठरवायला डोळ्यातल्या भिंगाला दीड डायॉप्टरचा जोर लावावा लागतो आणि साठीतल्या ताठरलेल्या भिंगात तेवढा जोर उरलेला नसतो. नुकसान किती होतं बघा. सर्व्हिस पिस्तुलावर दोन साइट्समध्ये १६-१७ सेंटीमीटर अंतर असतं. तिथं माशी एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी १५ सेंटीमीटर बाजूला जाते.

लाल ठिपक्याची साइट या अडचणीच्या मुळालाच हात घालते. तिच्यात एक बारीक एलईडी असतो आणि समोर किंचित वक्र काच. काचेवरचा लेप एलईडीचा लाल प्रकाश परतवतो, बाकीचा बराचसा आरपार जाऊ देतो. एलईडी काचेच्या नाभीवर बसवलेला असल्यामुळे परतणारे किरण समांतर होतात आणि डोळ्याला वाटतं, ठिपका खूप लांब आहे. म्हणजे ठिपका आणि लक्ष्य दोन्ही दूरच्याच नजरेत येतात. जवळ बघण्याचं कामच उरत नाही.

ही कल्पना डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली मांडली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांनी तिच्याच आधारे नेम धरले. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनं विजेवर चालणारा लाल ठिपका बाजारात आणला. पिस्तुलाच्या स्लाइडवर मावण्याइतका तो लहान व्हायला पुढं बरीच वर्षं गेली.

आता चष्म्याचं. ठिपक्याची काच हातभर अंतरावर असते, म्हणून पुष्कळजण वाचनाचा चष्मा लावून बघतात आणि ठिपका पसरट दिसला की साइटला दोष देतात. चष्मा लांबचाच हवा. ज्यांना लांबचा उणे नंबर आहे, त्यांना तो चष्मा काढला तर ठिपकाही धूसर दिसणार. प्रोग्रेसिव्ह चष्मेवाल्यांना माशी बघण्यासाठी हनुवटी वर करून काचेच्या खालच्या भागातून डोकवावं लागायचं, तो मानेचा त्रास इथं संपतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत लांबच्या नजरेसाठी साधं, एकाच नंबरचं भिंग बसवलेल्यांना तर ही साइट फारच सोयीची, कारण त्या भिंगाला जवळ-दूर करताच येत नाही.

पण सिलिंड्रिकल नंबर असेल, तर गोष्ट वेगळी. बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्याची गोलाई सगळीकडे सारखी नसली की प्रकाशाचा बिंदू बिंदू राहत नाही. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांना ज्यांना शेपट्या फुटलेल्या दिसतात, त्यांना हा ठिपकाही स्वल्पविरामासारखा किंवा द्राक्षांच्या घडासारखा दिसतो. महागडी साइट घेऊन हे पाहिलं की माणूस खचतो. तपासायची रीत सोपी आहे. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि फक्त मान खांद्याकडे कलवा. ठिपक्याची शेपटी मानेबरोबर फिरली, तर दोष डोळ्याचा. मोबाइलनं काचेतून फोटो काढला आणि त्यात ठिपका गोल आला, तरी अर्थ तोच.

अशा वेळी आधी ठिपक्याचा उजेड कमी करावा, लक्ष्यावर जेमतेम दिसेल इतका. बराचसा पसारा त्यानंच आवरतो. मोठा ठिपका घ्यावा का? कोनाच्या सहा मिनिटांचा ठिपका २५ मीटरवर सुमारे साडेचार सेंटीमीटर जागा झाकतो, तीन मिनिटांचा त्याच्या निम्मी. अधू नजरेला मोठा ठिपका मंद उजेडातही सापडतो, म्हणून मी मोठ्याच्या बाजूनं आहे. लाल रंगच फिका दिसणाऱ्यांनी हिरवा ठिपका बघावा.

सवयीला मात्र वेळ द्यावा लागतो. सुरुवातीला ठिपका सापडतच नाही, कारण काच दोन-अडीच सेंटीमीटरची आणि मनगट जरा वाकलं की तो खिडकीबाहेर. त्याला शोधत बसू नये. दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष्याकडे बघावं आणि पिस्तूल नजरेच्या रेषेत आणावं. ठिपका थरथरतो. हात आधीही इतकाच थरथरत होता, आता ती थरथर दिसते एवढंच. ठिपका स्थिर होण्याची वाट बघत शेवटी ट्रिगर झटकणं, ही नव्यांची सर्वांत मोठी चूक.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल प्रकारांत उघड्या साइट्सच चालतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं ते उघड्या साइटवरच. चाळिशी लागलेल्या नेमबाजाला तिथं चष्म्याचाच आधार: लांबच्या नंबरात अधिक अर्धा ते पाऊण डायॉप्टर मिळवलेली काच आणि शूटिंग चष्म्याला लावायची आयरिस, म्हणजे लहान-मोठं करता येणारं छिद्र. भिंग पिस्तुलावर लावता येत नाही. पॅरिसमध्ये २०२४ साली तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचनं ५१ व्या वर्षी, साधा चष्मा लावून, १० मीटर मिश्र सांघिक प्रकारात रौप्य मिळवलं.

म्हणून साइट विकत घेण्याआधी डोळे तपासून घ्या, सिलिंड्रिकल नंबर लिहून आणा आणि उघडी साइट वापरणार असाल, तर डॉक्टरांना हात लांब करून दाखवा, की माशी एवढ्या अंतरावर असते.