चक्रवाक

चक्रवाक : ॲनॅटिडी या पक्षिकुलातील एक मोठे रानबदक. याला ब्राह्मणी बदक असेही म्हणतात. हिंदीत नराला चकवा व मादीला चकवी म्हणतात. शास्त्रीय नाव टॅडोर्ना फेरुजिनिया. लांबी सु. ५८ ते ७० सेंमी.; रंग नारिंगी-तपकिरी, डोके फिकट, शेपटी काळी. उडताना पंखांचा पांढरा भाग ठळक दिसतो. विणीच्या हंगामात नराच्या गळ्याभोवती बारीक काळे कडे असते. मादीला ते नसते व तिचा चेहरा अधिक पांढुरका असतो.

महाराष्ट्रात हा हिवाळी पाहुणा आहे. हिंजवडीच्या दक्षिणेकडून वाहत येणारी मुळा पुण्यात मुठेला मिळते. या संयुक्त प्रवाहावर पुण्याच्या खाली कवडी येथे, तसेच भीमेवरील उजनी धरणाच्या (१९८०) फुगवट्यावर भिगवणजवळ चक्रवाक हिवाळ्यात दिसतात. थवा असला, तरी त्यातील जोड्या सहज ओळखू येतात : दोघे शेजारी विसावतात आणि एक उडाला की बहुधा दुसराही उडतो.

रात्री नर व मादी यांची ताटातूट होते व ती नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांना हाका मारतात, हा भारतीय साहित्यातील फार जुना संकेत आहे. कालिदासाच्या मेघदूतातील यक्ष एकाकी पत्नीला चक्रवाकीची उपमा देतो. ज्ञानेश्वरीच्या (इ. स. १२९०) सोळाव्या अध्यायाच्या आरंभी बुद्धी आणि बोध ही विरहाने आक्रंदणारी चक्रवाकांची जोडी असून श्रीगुरुरूपी सूर्य त्यांचे मीलन घडवितो. रात्रीच्या अशा सक्तीच्या वियोगाला निरीक्षणाचा आधार नाही. तथापि हा संकेत निव्वळ कल्पनेतून निघाला असेल असेही वाटत नाही. हे पक्षी दिवसा वाळूच्या पुळणीवर विसावतात व बरेचसे अन्न रात्री शोधतात. चरताना पांगलेले जोडीदार मोठ्या, सानुनासिक आवाजात साद देत असावेत. अंधारात पक्षी दिसत नाहीत, हाक तेवढी ऐकू येते.

जोडी दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर टिकते असे मानतात. विशेष म्हणजे प्रियाराधनात पुढाकार मादीचा असतो. परका नर जवळ आला की ती मान खाली ताणून ओरडत त्याच्यावर धावून जाते आणि लगेच आपल्या नराकडे परतते. जणू त्याला चिथावतेच. नर कधी त्या परक्यावर हल्ला करतो, कधी नुसता मान उंचावून उभा राहतो. जोडीदाराची निवड करताना मादी नराची ही प्रतिक्रिया पारखत असावी. समागम पाण्यात होतो. तत्पूर्वी दोघेही वारंवार डोके पाण्यात बुडवितात.

वीण लडाख, तिबेट व मध्य आशियात होते. घरटे कड्याच्या कपारीत किंवा बिळात, कधी पाण्यापासून बरेच दूर असते. मादी साधारणपणे आठ अंडी घालते व सु. २८ दिवस एकटीच उबविते; नर जवळपास पहारा देतो. पिलांचे संगोपन मात्र दोघेही करतात. पक्ष्याचा रंग भिक्षूंच्या वस्त्रासारखा असल्यामुळे तेथील बौद्ध लोक त्याला पवित्र मानतात व त्रास देत नाहीत. विणीच्या काळात शेजारी जोडीला जवळ फिरकू न देणारे हे पक्षी, वीण आटोपून पिसे झडू लागली की मोठ्या थव्यांनी एकत्र येतात.