‘आ’ करायची हिंमत

बॉसला घाबरत नाही, प्रेझेंटेशनला घाबरत नाही, विरार फास्टला तर मुळीच नाही. पण डेंटिस्टचं नाव काढलं की पोटात गोळा? मग तुम्ही एकटे नाही. आणि या भीतीवर ‘मनाचा हिय्या करा’ याहून बरे उपाय आहेत.

दादरच्या रानडे रोडवरच्या त्या दवाखान्याचा जिना मी तीन वेळा चढले आणि तीन वेळा उतरले. पहिल्यांदा फोन आल्याचं नाटक केलं. कुणासाठी, देव जाणे! जिन्यात कुणीच नव्हतं. दुसऱ्यांदा दारापर्यंत पोचले, तर आतून ती बारीक ‘झींऽऽऽ’ ऐकू आली आणि पाय आपोआप मागे वळले. तिसऱ्यांदा खाली उतरून स्वतःची समजूत काढायला एक ग्लास पियूष घेतलं. थंडगार पियूष नेमकं त्याच दाढेला लागलं आणि भर रस्त्यात डोळ्यांतून पाणी आलं.

वय एकतीस. नोकरी लोअर परळला, एका काचेच्या टॉवरमध्ये. हाताखाली सहा माणसं. आणि गेली दोन वर्षं मी फक्त उजव्या बाजूने जेवत होते. ऑफिसात लालबागचा चिवडा फिरला की ‘डाएट आहे ग’ म्हणून पुढे सरकवायचे.

मुळात गोष्ट गिरगावातली. मी नऊ वर्षांची होते. खालची दाढ ठणकत होती, गाल सुजला होता. दोन दिवस लवंगेचं तेल झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, शेजारच्या काकूंनी हिंग भरून दिला. तिसऱ्या दिवशी बाबा मला वाडीच्या तोंडाशी असलेल्या एका दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले, ‘किडलीय, काढून टाकू, दुधाचीच असेल.’ इंजेक्शन दिलं आणि लगेच पक्कड हातात घेतली. मी ‘दुखतंय, दुखतंय’ ओरडत होते. ‘दुखत नाहीये, नुसतं दाबल्यासारखं वाटतंय तुला. एवढी मोठी झालीस आणि रडतेस?’ बाबांनी माझे दोन्ही हात धरले होते आणि कंपाउंडरने डोकं. नंतर बक्षीस म्हणून व्हॅनिलाचा कप मिळाला. आजही व्हॅनिलाचा वास आला की माझी जीभ त्या रिकाम्या जागेकडे जाते.

रिकामी अजूनही आहे, कारण ती दाढ दुधाची नव्हतीच. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दातांच्या मागे एक कायमची दाढ येते. आधी तिथे काही पडलेलं नसतं, त्यामुळे घरोघरी तिला दुधाचीच समजतात. ती गेली की गेली.

मग दुखलं का?

हा प्रश्न मी बावीस वर्षांनी विचारला आणि उत्तर ऐकून अर्धी भीती तिथेच उतरली. म्हणजे, मी खोटं बोलत नव्हते तर!

दात बधिर करण्यासाठी साधारणपणे लिग्नोकेन वापरतात. स्वीडनच्या निल्स लॉफग्रेनने ते 1943 साली तयार केलं, 1948 पासून ते बाजारात आहे. हे औषध नसेच्या आवरणातून आत शिरलं तरच काम करतं आणि शिरण्यासाठी त्याच्या रेणूंवर विद्युतभार नसावा लागतो. पण जिथे पू झालाय, सूज आहे, तिथला भाग आम्लधर्मी झालेला असतो. अशा जागी बरेचसे रेणू भारित होतात आणि दाराबाहेरच ताटकळत बसतात. शिवाय सुजलेल्या नसा आधीच चवताळलेल्या असतात. थोडक्यात, ज्या दाताला सर्वांत जास्त गरज, तिथेच इंजेक्शन सर्वांत कमी चालतं. त्यामुळे शहाणा डॉक्टर जरा थांबतो, टोचून बघतो, दुसऱ्या जागी आणखी एक इंजेक्शन देतो, किंवा आधी पू काढून सूज उतरवतो आणि मग दाताला हात घालतो. ‘दुखतंय’ म्हणणाऱ्या मुलीला ‘दुखत नाहीये’ असं सांगत नाही.

आणखी एक गंमत. इंजेक्शननंतर एकदम छातीत धडधडतं ना? आपल्याला वाटतं, झालं, अटॅक आला! अनेकजण तेव्हापासून ‘मला इंजेक्शनची ॲलर्जी आहे’ असं सांगत फिरतात. बहुतेक वेळा तो लिग्नोकेनमध्ये मिसळलेल्या ॲड्रिनलिनचा प्रताप असतो. औषध जागच्या जागी टिकावं, रक्त कमी यावं म्हणून ते घालतात. धडधड मिनिटा-दोन मिनिटांत ओसरते. हे आधी सांगून ठेवलं तर माणूस घाबरत नाही, आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना डॉक्टर त्याप्रमाणे औषध ठरवू शकतात. पण सांगतं कोण?

आठवण फुगते

ब्रिटनमध्ये गेरी केंट नावाच्या संशोधकाने 1985 साली एक साधी गोष्ट तपासली. दातांच्या पेशंटना आधी विचारलं, किती दुखेल असं वाटतं? मग काम झाल्यावर विचारलं, किती दुखलं? आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा किती दुखलं होतं? जे मुळात घाबरट होते, त्यांना तीन महिन्यांनी आठवलेलं दुखणं प्रत्यक्ष दुखण्यापेक्षा आधी वाटलेल्या भीतीच्या जास्त जवळ जाणारं होतं. म्हणजे बरा आलेला अनुभवही मन नंतर ‘दुरुस्त’ करून ठेवतं!

दुसरं निरीक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डेंटिस्टकडे आधी दोन-चार वेळा काहीही न दुखता जाऊन आलेल्या माणसाला पुढे एखादा वाईट अनुभव आला, तरी तो तितकासा मनात रुतत नाही. पहिलीच भेट पक्कडीची असेल तर ती रुतते. आता आपल्याकडे पहिली भेट कधी होते? गाल सुजल्यावर. तोपर्यंत दंतमंजन आहेच. 1952 साली परळमध्ये सुरू झालेल्या विकोची वज्रदंती, नाहीतर काळी पावडर, नाहीतर आजीची मशेरी. ‘उगाच कशाला डॉक्टरकडे जायचं, तो काढायलाच सांगेल.’ त्यात भर म्हणजे ‘वरची दाढ काढली की डोळे जातात’ ही ठेवणीतली धमकी. एकदाच सांगते, डोळ्याने दिसतं ती नस वेगळी, दातांची नस वेगळी. दाढ काढून नजर जात नाही.

आमच्या ऑफिसातला एक जण लालबागचा. मंडळाचा कार्यकर्ता, उंच, धिप्पाड. विसर्जनाला वीस तास उभा राहील, पण डेंटिस्ट म्हटलं की चेहरा पांढरा. एका वर्षी गणपतीच्या आधी त्याची खालची अक्कलदाढ दुखायला लागली. दहा दिवस त्याने पेनकिलरवर काढले, कुणाला बोलला नाही. अनंत चतुर्दशीनंतर दुसऱ्या दिवशी जबड्याखाली, गळ्याकडे सूज उतरली, तोंड दोन बोटंही उघडेना, थुंकी गिळता येईना. थेट हॉस्पिटलात ॲडमिट. खालच्या दाढांचा पू जिभेखाली आणि गळ्यात पसरला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते, हे त्याला तिथे कळलं. तो वाचला, आठवडाभराने घरी आला. पण मला धक्का बसला तो त्याच्या एका वाक्याने. ‘मरणाची भीती वाटली नाही ग, ते माझी दाढ काढतील याची वाटली.’

त्या वाक्यानंतर मी चौथ्यांदा जिना चढले.

सरळ सांगून टाका

या वेळी रिसेप्शनवर नाव सांगायच्या आधी मी म्हटलं, ‘मला खूप भीती वाटते. आज फक्त बोलायला आलेय.’ ती मुलगी हसेल असं वाटलं होतं. तिने शांतपणे रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, ‘बसा मॅडम, डॉक्टर बाहेर येऊन बोलतील.’ म्हणजे मी काही पहिली नव्हते.

डॉक्टर आल्या. खुर्चीत नाही, बाहेरच्या बाकावर बसून बोलल्या. त्यांनी पाच प्रश्न विचारले. नंतर कळलं की ही जगभर वापरली जाणारी चाचणी आहे. नॉर्मन कोरा या अमेरिकन संशोधकाने 1969 साली चार प्रश्न तयार केले. त्यात इंजेक्शनचा प्रश्नच नव्हता (हे म्हणजे लग्नाच्या यादीत नवरीच विसरल्यासारखं!). 1995 साली ब्रिटनच्या गेरी हम्फ्रिसने तो घातला. तुम्हीही आत्ता करून बघा. उद्या डेंटिस्टकडे जायचंय, कसं वाटतंय? वेटिंग रूममध्ये बसलाय, आता? दात कोरायला मशीन लावणार आहेत, आता? दात साफ करून पॉलिश करणार आहेत? आणि वरच्या मागच्या दाढेजवळ हिरडीत इंजेक्शन देणार आहेत? अजिबात भीती नाही याला एक मार्क, प्रचंड भीतीला पाच. बेरीज 19 किंवा जास्त आली तर तुमची भीती नेहमीची नाही, तिच्यावर वेगळं काम करायला हवं. माझे 22 आले. कॉलेजातही इतके चांगले मार्क कधी पडले नव्हते.

मग त्यांनी एक नियम सांगितला. ‘डावा हात वर केलात की मी थांबणार. कारण विचारणार नाही.’ एवढंच. ऐकायला किरकोळ वाटतं, पण नऊ वर्षांच्या मुलीचे धरून ठेवलेले हात आठवा म्हणजे कळेल. भीती दुखण्याची असते त्याहून जास्त, आपल्या हातात काहीच नसण्याची असते.

पहिल्या भेटीत त्यांनी फक्त आरशाने दात बघितले. दुसऱ्या भेटीत प्रत्येक हत्यार आधी दाखवलं, नखावर फिरवून दाखवलं, मग तोंडात नेलं. लहान मुलांसाठी ही पद्धत 1959 पासून वापरतात. मोठ्यांना ती लागू पडत नाही असं कुणी ठरवलं, कोण जाणे! ती ‘झींऽऽऽ’ पण दाखवली. हवेच्या दाबावर फिरणारं हे मशीन 1957 साली आलं, मिनिटाला लाखो फेरे मारतं म्हणून तो किरटा आवाज. त्याआधी पायाने चालवायची मशीन होती, शिलाई मशीनसारखी. आवाज कमी, पण दाताला धक्के किती बसत असतील, कल्पना करा. मी इयरफोन लावले. तेही चालतं, फक्त हाताची खूण आधी ठरवून ठेवायची.

इंजेक्शनआधी हिरडीला बधिर करणारं जेल लावलं. सुई इतकी हळू सोडली की टोचल्यापेक्षा फुगल्यासारखं वाटलं. घाईने दिलेलं इंजेक्शन जास्त दुखतं, हे त्यांनीच सांगितलं. वेळ सकाळची घेतली होती, कारण संध्याकाळची घेतली की दिवसभर ऑफिसात पोटात फुलपाखरं नाही, चांगली घारी-गिधाडं फिरतात. पोटभर नाश्ता करून गेले होते. उपाशी गेलं की चक्कर येते आणि दोष इंजेक्शनला.

एवढ्यानेही जमत नसेल तर? काही दवाखान्यांत नायट्रस ऑक्साइड मिळतो. नाकावर छोटा मास्क, माणूस जागा राहतो पण काळजी सैल होते. याची सुरुवातच एका डेंटिस्टने केली. होरेस वेल्स, 1844 साली, स्वतःची दाढ काढून घेऊन. पुढच्या वर्षी बॉस्टनला जाहीर प्रयोगात पेशंट ओरडला आणि बिचाऱ्याची हुर्यो झाली. फारच भीती असेल तर मानसतज्ज्ञाकडे जाऊन टप्प्याटप्प्याने ती उतरवता येते. त्यात लाज कसली? जिममध्ये ट्रेनर ठेवतोच ना आपण?

खिशाचं काय, हाही प्रश्न खराच. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, 1933 पासूनचं. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे खासगीपेक्षा खूप कमी खर्चात काम होतं. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, वेळ हाताशी ठेवायचा. विद्यार्थी काम करतात, त्यांच्या पाठीशी शिक्षक उभे असतात. विद्यार्थी हळू काम करतात अशी तक्रार ऐकते. भित्र्या माणसाला तर ‘हळू’ हेच हवं असतं.

आणि गुटखा, मावा, तंबाखू खाणाऱ्यांना वेगळं सांगायचंय. तोंडाचा कॅन्सर हा भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरपैकी आहे. त्याआधी अनेकदा तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो, दुखत नाही. तो पहिल्यांदा दिसतो तो बहुधा दातांच्या डॉक्टरला. त्याच्या खुर्चीत बसायची भीती म्हणून पुढे परळला टाटा हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहायची वेळ यावी, हा सौदा फार महाग आहे.

माझं रूट कॅनल तीन बैठकांत झालं. मी हात तीनदा वर केला. पहिल्यांदा काहीच दुखत नव्हतं, खरंच थांबतात का ते बघायचं होतं. थांबल्या.

त्या रात्री गिरगावला फोन करून बाबांना सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तुझे हात धरले होते ना मी, ते अजून डोळ्यांसमोर येतं.’ मला वाटायचं ते विसरले असतील. बोलता बोलता कळलं की त्या दिवसानंतर त्यांनीही स्वतःचा दात कुणाला दाखवलेला नाही. वरचे दोन हलतायत, वर्षभर भाकरी दुधात कुस्करून खातायत.

शनिवारी सकाळी अकराची वेळ घेतलीय त्यांच्यासाठी, त्याच दवाखान्यात. ‘फक्त बोलायला’ असं कबूल करून घेतलंय त्यांनी. जिन्यात मी त्यांच्या मागे राहणार आहे.