श्योकवरील सेतू आणि नुब्राचा जमादार

पुलांना नावे देण्याचा आपल्याकडील रिवाज असा की, उद्घाटनाच्या समारंभापुरता त्या नावाचा गजर व्हावा, आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांनी त्या पुलास जुन्या नावाने, नाही तर नुसते 'नवा पूल' म्हणून ओळखावे. २१ ऑक्टोबर २०१९ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते लडाखातील श्योक नदीवरचा जो पूल खुला झाला, त्यास 'कर्नल चेवांग रिनचेन सेतू' हे नाव देताना मात्र सरकारी दप्तरात क्वचितच आढळणारे औचित्य दाखविले गेले, असे मला वाटते.

त्या औचित्याचे मूळ १९४८ सालच्या भारत-पाक युद्धात आहे. स्कार्दूस वेढा पडलेला, लेहच्या रक्षणास म्हणावी अशी फौज नाही, अशा समयी मेजर पृथीचंद हे लाहौलचे अधिकारी मूठभर सहकाऱ्यांनिशी ऐन हिवाळ्यात बर्फाने गाडलेली झोजी ला खिंड ओलांडून लेहला पोहोचले. त्यांच्या हाकेस ओ देऊन जे स्थानिक तरुण पुढे आले, त्यांत नुब्रा खोऱ्यातील सुमूर गावचा, अवघ्या सतरा वर्षांचा रिनचेन होता. त्या मुलुखातील पोरे जमवून जे पथक उभे राहिले, त्यास 'नुब्रा गार्ड्स' म्हणत. पगारी शिपायाची शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली नव्हती; परंतु कोणत्या ओढ्याचे पाणी केव्हा गोठते आणि कोणत्या कड्यावरून माणूस उतरू शकतो, याचे ज्ञान त्यांना बालपणापासून होते, आणि त्या युद्धात तेच कामी आले. सप्टेंबरात लामा हाउसचे ठाणे जिंकल्यावर डिसेंबरात रिनचेन यांनी, तोवर जमादार झालेल्या त्या किशोराने, सुमारे २१,००० फूट उंचीच्या बर्फाच्छादित डोंगरावर आपली तुकडी नेली. निम्मी माणसे हिमदंशाने निकामी झाली, तरी उरलेल्यांना घेऊन त्यांनी शत्रूची ठाणी काबीज केली. या पराक्रमाबद्दल त्यांना महावीरचक्र मिळाले.

१९६२ साली दौलत बेग ओल्डीच्या आघाडीवरील कामगिरीबद्दल ते सेनापदकाचे मानकरी झाले. पुढे १९७१ च्या डिसेंबरात, आता मेजर असलेल्या रिनचेन यांनी लडाख स्काउट्सच्या जवानांसह, हाडे गोठविणाऱ्या थंडीत मोर्च्यामागून मोर्चा घेत चालुंका आणि तुर्तुक ही गावे जिंकली. युद्धविराम झाला तेव्हा थांगपर्यंतचा प्रदेश भारताच्या ताब्यात होता, आणि तो आजही आहे. दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळाले ते याबद्दल. हा सन्मान दोन वेळा लाभलेले वीर साऱ्या देशात सहाच. आपले जनरल अरुणकुमार वैद्य त्यांतलेच एक, हे मराठी वाचकास सहज स्मरेल. रिनचेन १९९७ साली निवर्तले.

पूल सुमारे १,४०० फूट लांबीचा, समुद्रसपाटीपासून १४,६५० फुटांवर, सीमा सडक संघटनेने बांधलेला. दरबूक येथून निघून श्योक गावावरून दौलत बेग ओल्डीला जाणारा २५५ किलोमीटरांचा जो रस्ता, त्यावर तो आहे. उन्हाळ्यात हिमनद्या वितळू लागल्या की श्योकला पूर येई आणि जुनी वाट पाण्याखाली जाई, त्यामुळे सरहद्दीवरील ठाण्यांची रसद अडून राही. ही अडचण या पुलाने दूर झाली. रस्त्याचे टोक तेच, जेथे १९६२ साली रिनचेन उभे होते. उद्घाटनानंतर दहा दिवसांनी लडाख केंद्रशासित झाला. आणि १५ जून २०२० रोजी याच रस्त्यालगत गलवान खोऱ्यात वीस भारतीय सैनिक धारातीर्थी पडले, तेव्हा कुठे उर्वरित देशास या रस्त्याचे महत्त्व उमगले.

एक उणीव मात्र मला खटकते. नावात हुद्दा आला, व्यक्ती आली; पण ज्या नुब्रा गार्ड्सच्या बळावर तो जमादार लढला, ती माणसे त्यात आली नाहीत. गौरव एकाचा करावयाचा आणि बाकीच्यांना 'व इतर' या सदरात लोटावयाचे, ही आपल्या स्मारकांची जुनीच खोड. सेतूच्या दोन्ही टोकांस त्या साथीदारांची नावे लडाखी आणि हिंदी या दोन्ही भाषांत कोरणे हे काही खर्चाचे काम नव्हे. तुर्तुक २०१० पासून पर्यटकांस खुले आहे, आणि तेथे जाणाऱ्यांत मराठी मंडळीही असतात. त्यांनी जर्दाळूच्या बागा अवश्य पाहाव्यात, परंतु वाट थोडी वाकडी करून सुमूरला मुक्काम करावा आणि तेथील वृद्धांपाशी या माणसांची चौकशीही करावी.