तांब्याची तार जाते, काचेची येते
भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील घरच्या टेलिफोनविषयीं

गेल्या आषाढांत कानद खोऱ्यांतील एका गांवीं आमच्या आप्तांच्या गोठ्यांत म्हैस अडली. वेळ रात्रीं दहाची. पाऊस तीन दिवस उसंत न घेतां चाललेला आणि वीज आदल्या दुपारपासून गेलेली. घरांत आजोबा आणि आजी दोघेंच; मुलगा पुण्यास नोकरीला. ओटीवर टेलिफोन होता, तोहि नवा, मागच्याच दिवाळींत बसविलेला. आजोबांनीं तो उचलून कानाला लावला, तर त्यांत कसलाच आवाज नाहीं. अखेर शेजारचा एक मुलगा हातांत बॅटरी घेऊन, जेथें मोबाइलला रेंज मिळते त्या माळापर्यंत चढून गेला व त्यानें गुरांच्या डॉक्टरांस कळविलें. डॉक्टर येईतों पहांट झाली. म्हैस वांचली; रेडकूं गेलें.

आजोबांचें म्हणणें एकच, कीं जुना टेलिफोन असता तर तो लागला असता. म्हातारपणचें बोलणें म्हणून हें सोडून देण्यासारखें नाहीं. त्यांत तथ्य किती आणि त्यावर उपाय कोणता, हें वाचकांपुढें मांडावें, एवढ्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

भोर तालुका आणि वेल्हे तालुका (याचें सरकारी नांव आतां राजगड झालें आहे, पण आमच्या जिभेवर अजून वेल्हेंच येतें) हे दोन्ही डोंगरांच्या घड्यांत वसलेले आहेत. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरें, वेळवंड खोरें हीं नांवेंच सांगतात कीं येथें माणसांची वस्ती खोऱ्याखोऱ्यांनीं तुटलेली आहे. कापूरहोळ-नसरापूरच्या हमरस्त्यालगत मोबाइल चांगला चालतो. परंतु तोरण्याच्या किंवा राजगडाच्या पाठीमागें गेलें, अथवा १९२८ सालीं पूर्ण झालेल्या भाटघर धरणाच्या फुगवट्याकांठीं आंत आंत गेलें, कीं मनोऱ्याच्या लहरी डोंगराच्या धारेला अडतात. शिवाय आषाढ-श्रावणांत, म्हणजे भाताच्या लावणीच्या ऐन हंगामांत, विजेचा भरंवसा नसतो. सर्पदंश, अडलेलें जनावर, बांध फुटणें, हे प्रसंगहि त्याच दिवसांतले. म्हणून येथें घरचा टेलिफोन ही चैनीची वस्तु कधींच नव्हती.

जुन्या टेलिफोनचा गुण कशांत होता, तें आधीं पाहूं. हिंदुस्थानांत टेलिफोनचीं पहिलीं एक्स्चेंजें १८८२ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें सुरू झालीं. पण खेड्यापर्यंत यायला त्यास शंभर वर्षें लागलीं. १९८४ सालीं स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या सरकारी संस्थेनें खेड्यासाठीं लहान स्वयंचलित एक्स्चेंज तयार केलें. धूळ व उकाडा सोसून, थंड हवेच्या यंत्रावांचून चालणारें हें एक्स्चेंज १९८६ सालीं कर्नाटकांतील कित्तूर येथें प्रथम बसविलें गेलें, आणि मग देशभर पसरलें. ०२११३ हा भोरचा आणि ०२१३० हा वेल्ह्याचा क्रमांक मुंबईस गेलेल्या आमच्या मुलांस तोंडपाठ झाला तो अशाच एक्स्चेंजांमुळें.

या पद्धतींत घरांतील यंत्रास घरची वीज मुळींच लागत नसे. एक्स्चेंजमध्यें ४८ व्होल्टचा बॅटऱ्यांचा संच असतो, आणि त्याची वीज त्याच दोन तांब्याच्या तारांतून आपल्या ओटीवरच्या यंत्रापर्यंत येते. गांवांत अंधार असो, टेलिफोनच्या कानांत गुणगुण ऐकूं येई ती यामुळें. आजोबांचें म्हणणें या बाबतींत अक्षरशः खरें आहे.

पण तांब्याचे दोषहि सांगितले पाहिजेत. पुरलेल्या केबलच्या सांध्यांत पावसाचें पाणी मुरलें कीं खरखर सुरू होते. रस्ता रुंद करतांना यंत्राच्या फाळाखालीं केबल तुटते, तांब्याला मोल असल्यामुळें ती चोरीसहि जाते, आणि वळवाच्या विजा तारेंतून घरांत शिरून यंत्र जाळतात. मोबाइल आल्यावर गिऱ्हाइकें घटलीं, तेव्हां दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला. आमच्या आप्तांचा जुना टेलिफोन अखेरच्या वर्षांत महिनोगणती बंदच असे, ही गोष्ट आजोबा सोयीनें विसरतात!

आतां नवी रीत. ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतूची केबल नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. पुढें तिला ‘भारतनेट’ हें नांव मिळालें. तिचें लक्ष्य सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायतींचें. काचतंतु केसासारखा बारीक असतो व त्यांतून विजेऐवजीं प्रकाश धांवतो. आपण बोललों कीं घरांतील पेटी आपल्या आवाजाचे तुकडे पाडते. एका सेकंदांत साधारणपणें पन्नास तुकडे होतात, व प्रत्येकावर पत्ता घालून ते इंटरनेटच्या वाटेनें रवाना होतात. पलीकडे ते पुन्हा क्रमानें जोडले जातात. या प्रवासास सेकंदाच्या दीड दशांशाहून अधिक वेळ लागूं लागला, तर दोघांचें बोलणें एकमेकांवर आदळतें. एरवीं आवाज जुन्यापेक्षां स्वच्छच येतो. इंटरनेटवरून साध्या टेलिफोनला व मोबाइलला बोलण्याच्या सेवेचा मार्ग दूरसंचार खात्यानें २०१८ च्या जून महिन्यांत परवानाधारक कंपन्यांस मोकळा करून दिला.

काच वीजवाहक नाहीं, म्हणून तींतून आकाशांतली वीज घरांत येत नाहीं. पावसानें ती गंजत नाहीं, आणि भंगारांत तिला किंमत नसल्यामुळें चोरहि तिच्या वाटेस जात नाहीं. त्याच एका तंतूवरून मुलांचा अभ्यास, बाजारभाव व सात-बारा हीं सर्व कामें होतात. मात्र ती तुटली तर तारमास्तरानें दांतांनीं तार सोलून पीळ देण्याचा जमाना गेला. काच वितळवून सांधणारें यंत्र व तें चालविणारा माणूस तालुक्याच्या गांवाहून यावा लागतो.

आणि मुख्य गोम अशी कीं काचेंतून वीज येत नाहीं, म्हणूनच घरांतील पेटी घरच्या विजेवर चालते. वीज गेली, पेटी विझली, टेलिफोन मुका झाला. ही अडचण एकट्या मावळाची नाहीं. इंग्लंडांत २०२१ च्या नोव्हेंबरांत आर्वेन नांवाचें वादळ झालें, तेव्हां हजारों घरें दिवसचे दिवस विजेविना राहिलीं. पुढें २०२२ च्या मार्चमध्यें तेथील सर्वांत मोठ्या टेलिफोन कंपनीनें घरोघरचे टेलिफोन इंटरनेटवर नेण्याचें काम कांहीं काळ थांबविलें, आणि जुनें जाळें बंद करण्याची २०२५ च्या डिसेंबरची मुदत २०२७ च्या जानेवारीपर्यंत लांबविण्यांत आली. ज्यांस दुसरा कोणताच टेलिफोन नाहीं अशा घरांस वीज गेल्यावर निदान एक तास बोलतां यावें, अशी तेथील नियामकांची अपेक्षा आहे. आमच्याकडे एका तासानें काय होणार?

सबब बॅटरीची तजवीज पेटीबरोबरच झाली पाहिजे. पेटीला बहुधा १२ व्होल्टची वीज व सुमारें १० वॅट शक्ति लागते. आंकडा पेटीच्या तळाशीं छापलेला असतो. पाठीवरच्या फवारणी पंपांत जी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी असते, ती कागदावर ९६ वॅट-तास देते. पण शिशाची बॅटरी तळापर्यंत उपसूं नये, म्हणून सहा-सात तासच धरावे. तरी पंपाची बॅटरी काढून परस्पर पेटीला जोडण्याचा खटाटोप कोणीं करूं नये. भरतांना तिचा दाब १४ व्होल्टांवर जातो आणि पेटी जळते. याच कामासाठीं केलेली लहान यू.पी.एस. बाजारांत मिळते. ज्यांच्या घरीं सौर दिव्याचा संच आहे, त्यांनीं जाणत्या वायरमनकडून तीवर जोड घ्यावी. लावणीच्या दिवसांत ऊन नसतें, तेव्हां बॅटरी आदल्या उन्हांतच भरून ठेवलेली बरी.

दुसरी चौकशी याहून महत्त्वाची, आणि ती बहुतेक कोणी करीत नाहीं. आपल्या घरापासून एक्स्चेंजपर्यंतच्या वाटेंत विजेवर चालणारें यंत्र आणखी कोठें आहे काय, हें बसविणाऱ्यास विचारावें. जेथें मध्यें केवळ काचेचे फांटे आहेत तेथें वीज लागत नाहीं. परंतु कित्येक ठिकाणीं स्थानिक केबलवाला गांवांतल्या एखाद्या दुकानाच्या माळ्यावर आपली पेटी ठेवतो, व ती दुकानाच्या विजेवर चालते. तसें असेल तर आपल्या घरची बॅटरी कितीहि मोठी असली तरी व्यर्थ.

क्रमांकाचेंहि पाहावें. मोबाइलचा क्रमांक कंपनी बदलली तरी नेतां येतो, तारेच्या टेलिफोनचा नेतां येत नाहीं. भारत संचार निगमचा जुना क्रमांक निगमच्याच काचतंतूवर कायम ठेवतां येतो. म्हणून जुनी जोडणी आधीं परत करूं नये, ती बदलून द्यावी असा अर्ज करावा. जुनें यंत्र पेटीच्या मागील छिद्रांत बसतें व चालतें. मात्र बोट घालून फिरवावयाच्या चकतीचें यंत्र पुष्कळ पेट्यांस कळत नाहीं. नव्या यंत्राजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत ११२, रुग्णवाहिकेसाठीं १०८ आणि गुरांच्या फिरत्या दवाखान्यासाठीं १९६२ हे क्रमांक लिहून ठेवावे. तारेच्या टेलिफोनवरून मोबाइल लावतांना २०२१ च्या जानेवारीपासून आधीं शून्य लागतें, हेंहि घरांतील वडील माणसांस सांगून ठेवावें.

आमच्या आप्तांकडे मुलानें श्रावणांत यू.पी.एस. आणून बसविली. भाद्रपदांत पुन्हा वीज गेली, तेव्हां पेटीचा दिवा जळत राहिला, पण टेलिफोन अर्ध्या तासांत बंद पडला. चौकशी केली तेव्हां गांवांतल्या एका माळ्यावरची पेटी निघाली; तिला बॅटरी नव्हती. तेथें बॅटरी बसवावी असा अर्ज सहा घरांनीं मिळून केबलवाल्यास दिला आहे व तिच्या खर्चांत वांटा उचलण्याचेंहि कबूल केलें आहे. उत्तर अजून आलेलें नाहीं. पुढची म्हैस माघांत विणार आहे. त्या दिवसांत पाऊस नसतो, एवढाच तूर्त आजोबांस दिलासा.